मागचं वजन

मार्केट यार्डाच्या काट्यावर आधी पिकअप चढवला,
मग त्याच्यामागचं घर.
काटेवाल्याने खिडकीतून मान काढली,
"काय बे, कांदा हाय का भुसा?"
नायना म्हणाले, "घर हाय."
त्याने न हसता पावती फाडली.
घर अकराशे चाळीस किलो. पाणी न भरता.

पिकअप चौऱ्याण्णवचा.
चढाला त्याला धाप लागते, नायनांनाही लागते,
दोघंही कबूल करत नाहीत.
किती ओढायचं ते कागदावर छापलेलं आहे.
नायना म्हणाले, "ते नव्या इंजिनाला विचारून छापलंय,
आपण त्यातून वय वजा करायचं."
म्हणून कपाट राहिलं, लोखंडी पलंग राहिला,
माझी शिलाई मशीन शेजारच्या गज्जमकाकूंकडे गेली.

अक्कलकोट रोडला दस्तगीर वेल्डरने
पाच महिने, रोज दिवेलागणीनंतर, सांगाडा जोडला.
पत्रे बंद पडलेल्या शेडचे,
जिथे नायनांनी सव्वीस वर्षं माग दुरुस्त केले.
गोळ्यावर वाटी बसली, खिळा गेला,
खालून दोन साखळ्या, फुलीसारख्या,
म्हणजे जोड निसटला तरी दांडा
त्यांच्या कुशीत पडेल, डांबरावर नाही.
ढील किती ठेवायची ते नायनांनी
दोन बोटांनी साखळी दाबून ठरवलं,
ताण्याचे धागे दाबायचे तशी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालेला,
त्यामुळे स्टेअरिंगवर मी. अम्मा मधे.
आरसे भंगारातल्या ट्रकचे, हातभर बाहेर आलेले,
त्यांत आधी घर दिसायचं, मग सोलापूर,
मग नुसतंच घर.

हिप्परग्याचा तलाव मागे गेला
आणि एक कंटेनर खेटून पुढे निघाला.
वाऱ्याची थाप बसली.
घर डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं,
पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त.
माझा पाय ब्रेकवर पोचलाच होता.
"ब्रेक नको, श्रीलता.
चाक सरळ धर. पाय उचल. आणखी काही करू नको."
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला
कुणी काही करू नको म्हणालं होतं.
गाडी आपोआप मंदावली,
घर दोनदा मान हलवून गप्प झालं.

तामलवाडीच्या अलीकडे बाभळीखाली थांबलो.
नायनांनी मागचं दार उघडलं.
अगदी शेवटाला, जुन्या लुगड्यात बांधलेले
चादरींचे सहा गठ्ठे. रात्री कधीतरी चढवलेले.
"रिकाम्या हाताने कुणाच्या दारात गाडी लावायची?"
अम्मा रस्त्याकडे बघत म्हणाली.
नायना रागावले नाहीत. एकेक गठ्ठा
चाकांच्या पुढे नेऊन ठेवला.
"साठ पुढे, चाळीस मागे," एवढंच बोलले,
आणि दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला.
उचलला नाही. मान डोलावली.

घाटाच्या अर्ध्यात काटा लालकडे झुकला.
नायनांनी हात लांबवून हीटर सुरू केला.
एप्रिल, दुपारचे दोन, सोलापूर जिल्ह्याची वेस
नुकतीच ओलांडलेली, आणि केबिनमध्ये हीटर!
"इंजिनाचा ताप आपण थोडा घ्यायचा," ते म्हणाले.
अम्माने पदर ओला करून डोक्यावर घेतला
आणि तेलुगूत असं काही पुटपुटली
जे मराठीत लिहिता येणार नाही.
दुसऱ्या गिअरवर चढलो. मागे ट्रकांची रांग,
भोंग्यांचे सगळे राग.
नायना म्हणाले, "वाजवू दे. त्यांच्यामागं घर नाही."

नळदुर्गच्या बाहेर एका शाळेच्या मैदानात
मुक्कामाची परवानगी मिळाली.
आधी चाकांना दगड, मग खिळा काढायचा.
हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

रात्री अम्माने ताटलीत पाणी ओतून
जमिनीवर ठेवलं.
पाणी दाराकडे सरकलं.
ती काही बोलली नाही,
तिन्ही उशा उचलून दुसऱ्या बाजूला केल्या.