उताणा फोन

लेरी, तू फोन टेबलावर उताणा ठेवतोस.
नऊ वर्षं झाली, सांगून थकले:
साखरेच्या डब्याला टेकवून ठेव, मला तोंडं दिसू देत.
हो हो म्हणतोस,
आणि पाव मोडायला तुला दोन्ही हात लागतात.

म्हणून बारीतल्या या चौथ्या मजल्यावरून
दर रविवारी मी
झेस्ताफोनीतल्या आपल्या स्वयंपाकघराचं छत बघते.

मधोमध दिवा. तीन काचांचा,
त्यातली एक तुझ्या आईच्या वेळेपासून नाही.
दिव्याच्या डावीकडे ओल:
पहिल्या वर्षी बशीएवढी,
मग बकरीच्या कानासारखी लोंबती,
गेल्या हिवाळ्यात तिला शेपूट फुटलं
आणि ती खिडकीच्या दिशेने निघाली.
तू म्हणालास, तुझ्या फोनची काच खराब असेल.
मी काच पुसली.
ओल माझ्याकडची नव्हती.

बाकी तुम्ही सगळे मला ऐकू येता.
काटे, बशा, तुझं खाकरणं,
टेबलाखाली कुत्र्याचं अंग खाजवणं.
कधी थेक्लेची हनुवटी छतावरून सरकते,
"आई, बरी आहेस ना?" एवढंच म्हणून.
मी निघाले तेव्हा फोनवर वाकायला
तिला खुर्चीवर चढावं लागे.

सिन्योरा आद्दोलोराता एक्याण्णव वर्षांची आहे.
तिला वाटतं हा टीव्हीवरचा कार्यक्रम,
फार संथ, पण बरा.
तिची मुलं मिलानहून फोन करतात,
त्यांच्या फोनवर नुसती तोंडं,
ती काही तिला ओळखू येत नाहीत.
छत मात्र ओळखते.
सूप भरवताना विचारते, "आज छत कसं आहे?"
"गळतंय," मी सांगते.
"मग कुणीतरी वर चढायला हवं."
दर रविवारी. नव्याने.

मार्चच्या शेवटी इथे लोक घड्याळ तासभर पुढे ढकलतात.
तुम्ही तिकडे काही ढकलत नाही.
तेवढीच मी एका तासाने घराजवळ येते,
तिकिटाशिवाय.
ऑक्टोबरात परत मागे.

पार्सलच्या गाडीतून डांबर पाठवलं होतं, आठवतं?
निळ्या झाकणाचा डबा, दोन किलो,
थेक्लेचे बूट आणि तेलाच्या बाटल्यांमध्ये गुंडाळून.
ड्रायव्हर गोचा कुरकुरला, वासाचे वेगळे पैसे घेतले.
त्या डब्याचं काय झालं,
सहा रविवार विचारलं.
सातव्या रविवारी नाही विचारलं.

आज तू फोन टेबलावर ठेवलास
आणि छत पांढरं होतं.
भिंतीपासून भिंतीपर्यंत.
दिव्याला तिन्ही काचा.
मी म्हटलं, वा.
खरं तर क्षणभर कुठे बघावं कळेना,
हॉस्पिटलात जाग आल्यासारखं.

मग वरून एक हात गेला.
हिरवी बाही, कोपराशी पीठ.
तुझा नाही. थेक्लेचा नाही.
मिठाचं भांडं घेऊन परत आला,
कुठे असतं ते न विचारता,
न चाचपडता.

टेबल गप्प झालं. कुत्रासुद्धा.
थेक्ले म्हणाली, "आई, आवाज तुटतोय का गं?"
नव्हता तुटत.
"हो," मी म्हटलं, "तुटतोय थोडा."

आणि तू, लेरी, नऊ वर्षांत पहिल्यांदा
फोन उचलून साखरेच्या डब्याला टेकवलास,
नीट, सरळ.
चौकटीत फक्त तू होतास,
भांग पाडलेला.

सिन्योराने घास गिळला.
"आज छत कसं आहे?"
"कोरडं."
"चढलं वाटतं कुणीतरी."
"हो."
तिने तोंड उघडलं.
मी चमचा भरला.