खेप नंबर चौदा

शुक्रवारी अकरा वाजता मला उभं राहून बोलायचं होतं.
एकवीस वर्षं महाप्याच्या कारखान्यात
मी बसूनच बोललो,
तेही रबराच्या चकत्यांशी.

शेजारची शर्वाणी म्हणाली, काका, मी घेते तयारी.
कोपरखैरण्याच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
तिने टेबल सरकवलं,
मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवला
आणि हिच्याकडून मूठभर चिंचोके मागून घेतले.
मी ‘म्हणजे’ म्हटलं की एक चिंचोका स्टीलच्या वाटीत.
टण्ण.
चार मिनिटांत एकोणतीस.
त्यातले तीन एकाच वाक्यात,
ज्याला क्रियापद नव्हतंच.

मग तिने आवाज बंद करून
मलाच मला दाखवलं.
उजवा खांदा जरा खाली,
दोन्ही हात पोटावर, एकमेकांना घट्ट धरून,
सोडले तर कुणी घेऊन जाईल असे.
नजर फरशीच्या तिसऱ्या ओळीवर.
मी म्हटलं, थांब.
ह्यांना मी ओळखतो.

आबा पनवेलच्या कोर्टात नावं पुकारायचे.
साहेबापुढे असेच उभे, हाच खांदा, हेच हात.
जाताना हे उभं राहणं माझ्या नावावर करून गेले,
सहीसुद्धा न घेता.
पण व्हरांड्यात आले की
मान वर, छाती उघडी:
“वादी काशिनाथ धर्माss, हाजिर हो!”
लिंबाखाली झोपलेला माणूस दचकून उठायचा,
समोरच्या हॉटेलात बशी ओठापाशी थांबायची.
आणि मग ते गप्प राहायचे.
येणाऱ्याला यायला वेळ लागतो, म्हणायचे,
तेवढं थांबणं हेही पुकारण्यातच धरलेलं आहे.

शर्वाणी तेच सांगत होती की.
पॉज घ्या काका, आवाज पोटातून, नजर माणसावर.
घरातच होतं सगळं,
मी वाटणीत फक्त खांदा उचलला.

रात्री गच्चीवर गेलो.
पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या दोन चादरी,
एवढ्याच श्रोत्यांपुढे पुकारलं,
“खेप नंबर चौदाss, हाजिर हो!”
समोरच्या बिल्डिंगमधून कुणी ओरडलं, ओ, झोपा आता!
म्हणजे पोचलं.
(हा चिंचोका माझा मीच मोजला.)

शुक्रवारी गुडघे कापत होते, खोटं कशाला सांगू.
दुसऱ्याच स्लाइडला रिमोट अडला.
हात सवयीने पोटाकडे निघाले,
मी त्यांना वाटेतच काम दिलं:
खिशातून चकती काढली, चौदाव्या खेपेतली,
खिडकीच्या उजेडात धरली
आणि म्हटलं, ही गळते.
आणि गप्प राहिलो.

एक.
एसीची घरघर.
दोन.
मॅनेजरनी मोबाईल पालथा ठेवला.
तीनपर्यंतचं अंतर इतकं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
टेबलाच्या त्या टोकाला अकाउंट्सच्या डिसिल्वाबाई,
ज्या कुणाकडेच बघत नाहीत,
चकतीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

पुढचं सगळं मिनिट्समध्ये आहे.
दोन ‘म्हणजे’ गेलेच.

घरी आलो तर वाटी ओट्यावर तशीच.
कसं झालं, हिने विचारलं.
मी दारातच उभा होतो,
कपाटाच्या आरशात दिसलं,
खांदा पुन्हा खाली आलाय.
वर घ्यायला गेलो, मग राहू दिला.
आबांना आता दुसरी जागा तरी कुठे आहे.