सूत

कस्तूरचंद पार्कवर रणगाडा आला
तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदा
बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

मैदानात धूळ, मंडप, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी,
शाळेच्या पोरांची वाकडी रांग,
तोफेच्या नळीला लोंबकळणारा कुणाचा तरी भाऊ,
आणि चिलखती गाडीच्या सावलीत
पाय ताणून झोपलेलं कुत्रं
ज्याला एकही जवान हटकत नव्हता.

बाबांनी रणगाड्याकडे पाहिलंच नाही.
सरळ गेले टेबलाकडे,
हिरव्या कापडावर उभ्या केलेल्या गोळ्यापाशी.
चष्मा काढला, पुसला, घातला
आणि अंगठ्याचं नख
तांब्याच्या पट्ट्यावरून हळूच फिरवलं,
आई शीत दाबून भात पाहते तसं.

आमच्या घरात आधी माग होता.
पाचपावलीच्या बोळात आजोबांचा धोटा
दिवसभर इकडून तिकडे.
मग गिऱ्हाईक आटलं, मागाची लाकडं
एका हिवाळ्यात चुलीत गेली,
आणि बाबा अंबाझरीच्या कारखान्यात टर्नर झाले.
आजोबांनी विचारलं,
"तिकडं का करतं रे तू?"
"सूत मोजतो, बा."
खोटं नव्हतं. लेथवर
इंचाच्या आठव्या भागाला सूतच म्हणतात.
आजोबा समाधानानं गेले:
पोरगा सुतातच आहे.

एकतीस वर्षं.
गेटवर काडेपेटी जमा करायची,
जाताना झडती, येताना झडती,
तरी चपलेला चिकटून लोखंडाचा कीस घरी यायचा;
आईनं केरसुणीला चुंबक बांधलं होतं.
पुढे डोळा पारखून त्यांना तपासणीवर घेतलं.
हातात गेज:
एक टोक गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
मला सांगून आलेल्या स्थळांनाही
त्यांनी तेच लावलं.
दोन परत पाठवली, लाल रंग न लावता.

फक्त नव्याण्णवचा तो मे.
डबल शिफ्ट, बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि पहाटे कधीतरी
एक गोळा त्यांच्या हातून पुढे सरकला.
गेज लावला होता की नाही
हे त्यांना आठवेना.
मागे वळेस्तोवर पेटी भरली, ट्रक भरला.
आईला सांगितलं. साहेबाला नाही.
अजून झोपेत त्यांचा उजवा हात
चादरीवर काहीतरी फिरवून पाहतो.

टेबलामागचा जवान, छातीवर नाव सेल्वम,
पोरांना पल्ला सांगत होता, किती किलोमीटर,
किती जाड पोलाद फोडतो.
बाबा थांबले. गर्दी ओसरू दिली.
मग त्यांच्या नागपुरी हिंदीत:
"नली में कभी फसा क्या?
अपना, यहाँ का माल?"
"नहीं अंकल. कभी नहीं."
सेल्वम तेव्हा रांगत असेल फार तर.
पण बाबांनी खांदे सोडले,
चोवीस वर्षांनी कुणीतरी पावती दिल्यासारखे.

मला दुसरंच विचारायचं होतं.
जे अडकले नाहीत,
ते कुठे गेले?
सेल्वमकडे पाहिलं. तो एका मुलीला
हेल्मेट घालून देत होता,
ते तिच्या नाकापर्यंत उतरलं होतं.
नाही विचारलं.

"आजोबा, गोळा पायजे मले!"
माझा पोरगा ओरडला तशी
टेबलाभोवतीची चार माणसं वळली.
त्याचं बोट फाटकाबाहेरच्या हातगाडीकडे होतं.

रंध्यावर बर्फ किसला गेला,
मुठीत दाबला, काडी खोचली, वर लाल सरबत.
बाबांनी तो हातात घेऊन
डोळ्यासमोर धरला, फिरवला.
"या बाजूनं जास्त हाय लेका."
गाडीवाला म्हणाला,
"काका, खायचा हाय का मोजायचा?"

बाबा अजून फिरवत होते.
लाल पाणी मनगटावरून
इस्त्रीच्या बाहीत उतरत होतं.