चुकीचा प्रतिसाद

काचेपलीकडे गोडलीव्ह बसली आहे
कोट न काढता, पर्स मांडीवर घट्ट धरून,
जशी काही ट्राम सुटायची आहे.
मी दार ओढून घेते. वीतभर जाड दार.
भिंतींना कान असतात म्हणतात.
या भिंतींना नाहीत, त्यासाठी वेगळे पैसे मोजलेत.

गेंटच्या कापडगिरणीत एकोणतीस वर्षं,
आठ माग एकटीच्या नजरेखाली.
तिथे बायका नुसत्या ओठांनी बोलत.
सोयरिकी जुळल्या, मोडल्या, एकीने दुसरीला शिव्या घातल्या,
आणि कुणाच्या कानावर एक अक्षर पडलं नाही.

कानाच्या त्या आतल्या वेटोळ्याला
आमच्याकडे गोगलगायीचं घर म्हणतात.
त्यात पंधराएक हजार केशपेशी,
जन्मताना मिळतात तेवढ्याच.
मखमलीची लव कोपरापाशी झिजते ना,
तशा तिच्या झिजल्या.
हे तिनंच मला सांगितलं. मखमल तिला कळते.

पाखरांच्या पुन्हा उगवतात.
आखीलकडे, तिच्या नवऱ्याकडे, बावीस कॅनरी आहेत,
सुरईतून पाणी ओतावं तसं गाणाऱ्या जातीच्या.
डॉक्टर कालेवार्ट बोलता बोलता म्हणाले,
ही जात मुळातच कानाने अधू,
पेशी मरतात, उगवतात, पुन्हा मरतात.
आखीलचा चेहरा उतरला.
"चाळीस वर्षं मग ती कुणासाठी गात होती?"

मार्चमध्ये डाव्या कानात एक थेंब.
नांगी मोडलेला विषाणू, पाठीवर एक जनुक,
शेजारच्या आधारपेशींसाठी निरोप:
आयुष्यभर नुसत्या टेकू देत उभ्या होतात,
आता तुम्हीच व्हा.
संमतीपत्र अकरा पानांचं.
'शक्यता' हा शब्द त्रेचाळीस वेळा आलाय, ती म्हणाली.
कापडातले चुकलेले धागे मोजायची सवय.

मे महिन्यात काही नाही.
ऑगस्टमध्ये काही नाही, फक्त जिना उतरताना चक्कर.
आज नोव्हेंबर.
मी सूर सोडते. दिवा लागत नाही.
वाढवते. नाही.
आणखी वाढवते.

मग पेन उचलायला कळीवरचं बोट काढलं,
आणि दिवा लागला.
विझला. पुन्हा लागला.
मी रकान्यात लिहिलं: चुकीचा प्रतिसाद.
असं होतं. ज्यांना फार ऐकायचं असतं
त्यांना आम्ही न सोडलेलेही सूर ऐकू येतात.
त्यासाठी कागदावर वेगळा रकाना आहे,
आणि गेल्या बारा वर्षांत मी तो पुष्कळ भरलाय.

पण दिवा थांबेना.
मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.
लागला, विझला, लागला.
घाई नाही, आशा नाही,
कारकुनाने शिक्का मारावा तसा.

दार उघडलं तर ती चिडलेली.
"काय मशीन आहे हो तुमचं?
मघापासून टिकटिक करतंय. दुरुस्त करून घ्या."
डावा गाल तिने डाव्या मनगटावर टेकला होता.
मनगटावर घड्याळ,
गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांना वाटलेलं,
रोज सकाळी ती नुसत्या चिमटीच्या अंदाजाने
किल्ली देते ते.

मी काही बोलले नाही. घड्याळाकडे बोट दाखवलं.
तिने ते कानाशी नेलं,
दूर धरलं, पुन्हा नेलं,
मग उजव्या कानाशी नेलं, आणि तिथे बराच वेळ धरून ठेवलं.

अहवालात घड्याळाला जागा नाही.
आलेख हलला तो केसभर,
कालेवार्ट त्यावर अजून काही म्हणणार नाहीत.
मी तरी काय म्हणणार.

बाहेर बाकावर आखील, टोपी हातात.
तिला पाहून त्याने विचारलं, काय झालं,
नुसत्या ओठांनी, नेहमीसारखं.
"आवाज काढ," ती म्हणाली.
त्याने तोंड उघडलं.
मिटलं.
घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं,
आणि घरात, बावीस पाखरांसमोर
रोज तासन् तास बोलणाऱ्या त्या माणसाला
काय बोलावं ते सुचेना.