पाण्याच्या दिवशी

आमच्या पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून बिअरही पाचव्या दिवशीच.
पहाटे साडेतीनला नळ खोकतो,
आधी वारा, मग गंज, मग पाणी.
दोन पिंपं भरून उघडी ठेवतो
क्लोरीनचा वास उडेपर्यंत.
आई म्हणते, आधी प्यायचं भर,
मग तुझं ते.
'ते'चं नाव ती घेत नाही.

ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी.
एक रात्र भिजवली, तीन दिवस ओल्या पोत्यात निजवली,
पेराएवढे पांढरे कोंब आले,
मग गच्चीवर, आईच्या पापडांच्या शेजारी.
एप्रिलमध्ये सोलापुरात वेगळी भट्टी लागत नाही.
चिमण्यांनी पावशेर नेली. नेऊ दे.
खालून यल्लप्पानं विचारलं,
"काय करायलास बे? हुरडा?"
"हां," म्हटलं, "एप्रिलचा."

कढई नायनांची, खळीची.
चाळीस वर्षं त्यांनी हिच्यात पीठ शिजवलं
सूत ताठ राहावं म्हणून.
मी शिजवतो ते विरघळून गोड व्हावं म्हणून.
कढईला काय, तिचे चटके दोघांनाही सारखेच.
माझं थर्मामीटर पुण्याहून मागवलेलं,
नायना त्याच्याकडे बघतही नाहीत.
करंगळी बुडवतात, धोतराला पुसतात,
"पासष्ट."
काच म्हणते सहासष्ट.
मी थांबतो. थोड्या वेळानं काचही ऐकते.

हॉप्सच्या हिरव्या गोळ्या उकळीत पडल्या
तशी आईनं सुपातून मान वर केली.
सातशे विड्या झालेल्या, तीनशे बाकी.
"आमच्या पानासारखाच वास," म्हणाली,
"पण भिजलेल्या गठ्ठ्याचा. कारखान्यात
परत करतात तसल्या."

मग त्रेचाळीस अंश.
यीस्टला पंचविसाच्या आत हवं.
पिंपाला चादर गुंडाळली, मोरांची,
नायनांचा माग विकला त्या आठवड्यात उतरलेली.
दर दोन तासांनी तांब्या ओततो.
मोर भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात.
पंखा त्यांच्याकडे.
"तुझ्या गोवराला एवढं केलं नव्हतं,"
आई पदरानं वारा घेत.

नायनांचे कान मागांनी नेले.
नळीतला बुडबुडा फुटतो, मला टुप् ऐकू येतं,
ते पिंपावर तळवा टेकून बसतात.
"चालू आहे.
बारा नंबरचा असाच चालायचा, अडखळत."
रात्री पाणी ओतायला उठलो
तर अंधारात तळवा तिथंच.

बुचं बसवायचं यंत्र सोडावाल्या जब्बारचाचांचं,
संध्याकाळपर्यंत परत करायच्या बोलीवर.
बत्तीस बाटल्या भंगारातल्या,
लेबलं सोड्याच्या पाण्यात सोललेली.
प्रत्येकीत साखर, सपाट अर्धा चमचा.
सतराव्या बाटलीला वीज गेली.
पुढच्या पंधरा अंदाजानं.

नवव्या रात्री एक फुटली.
मी उठेपर्यंत दुसरी.
पलीकडे पद्माक्कांनी दिवा लावला.
"मांजर," आई खिडकीतून म्हणाली,
कुणी विचारायच्या आत.
नायना जागे. त्यांना फरशीतून कळलं असणार.
"तार तुटली," म्हणाले,
आणि काळोखात चप्पल शोधू लागले.
आम्ही तिघं विजेरी धरून काचा वेचत होतो,
फरशीभर ज्वारीचा आंबूस वास,
आणि हसू कुणाला आधी आलं
ते आठवत नाही.

सकाळी एक उघडली, बादलीवर धरून.
अर्धी फेसात गेली.
उरली ती तीन स्टीलच्या पेल्यांत.
"चेदु," नायना तेलुगूत म्हणाले,
तोंड कडू करून, आणि पेला पुन्हा पुढे केला.
आईनं आपला उचलून कट्ट्यावर ठेवला,
विड्यांचं सूप ओढलं, दोरा दातात धरला.
तीनेकशे विड्यांनंतर, मान वर न करता,
"गरम आहे," म्हणाली.