जरीबा

नहूदच्या शाळेत एक जाड शब्दकोश आहे,
वाळवीने खालून कुरतडलेला. त्यात लिहिलंय:
जरीबा. काटेरी झाडोऱ्याचा संरक्षक अडथळा,
विशेषतः सैन्याच्या तळाभोवती.

आत्याला वाचून दाखवलं.
कल्तूमा तेव्हा कित्तिराची फांदी ओढत होती,
बुंधा दोन्ही हातांत, चालणं उलट पावलांनी,
समोर वाळूवर रेघोट्यांचं भेंडोळं.

“सैन्य?” ती म्हणाली.
“आणि शेळ्या कुठे गेल्या?”

खरंच की.
शब्द तर त्यांच्यासाठीच होता.
ज, र, ब: एवढ्या तीन अक्षरांत
दिवस कलताना गुरं आत घेणं,
मोजणं,
एखादं कमी भरलं तर पुन्हा मोजणं.

मग हस्तिदंताच्या वासावर काही लोक दक्षिणेत उतरले.
नदीकाठी त्यांनीही काटे रचले,
शब्द तोच ठेवला, आत माणसं कोंडली.
मोजणंसुद्धा तेच.

पुढे उंटांवर तोफा लादून दुसरेच आले,
रातोरात आमची झाडं तोडून
काट्यांमागे दबा धरून बसले.
त्यांच्यातल्या कुणा कारकुनाने
शब्द कानावर पडला तसा टिपला.
शेळ्या टिपायच्या राहिल्या.

“बुंधा आत, काटे बाहेर,” आत्या सांगते.
“फांदी उलटी पडली तर करडांचे डोळे जातात.”
मी विचारलं, त्या नदीकाठच्या लोकांनी
काटे कुठल्या बाजूला ठेवले असतील?
तिने तळव्यातला काटा दातांनी उपटला,
थुंकली.
एवढंच.

अंधार पडला. शेवटची फांदी ओढून
वाडग्याचं तोंड बुजवलं.
एकोणीस.
पुन्हा. एकोणीस.
लंगडी बाहेर राहिली होती,
आणि तरस कालपासून ओढ्यापलीकडे हसत होतं.

कल्तूमाने नुकतीच लावलेली फांदी
हिसका देऊन उपसली,
जीभ टाळूला लावून टक् टक् करत
काळोखात शिरली.

ह्या उपसण्याला शब्दकोशात काय म्हणतात
ते बघायला उजेड नव्हता.
एकोणीस जणी उघड्या तोंडाकडे बघत होत्या.
मी पुस्तक वाळूवर ठेवलं
आणि फांदीच्या जागी
आडवे हात करून उभा राहिलो.