एकोणिसावी चाल

अशोक चौकातल्या शाळेच्या पायरीवर
बोद्धूलांच्या तेरा वर्षांच्या मुलीनं पट पुन्हा मांडला.
"काका, हितं. एकोणिसावी."

माझ्या घड्याळात तेव्हा एक मिनिट चाळीस.
तिचं ड्रॅगन फाटलेलं, एच-पट्टी सताड उघडी,
माझा वजीर तिच्या राजाच्या दारात,
आणि मी माझा राजा कोपऱ्याकडं एक घर सरकवला.
बरा असतो तिथं, म्हणून.

"घोडा टाकायचा की मधे, डी-फाइव्ह,"
शेंगा सोलत ती म्हणाली. "मेलेच होते मी."
तेविसाव्याला हत्ती देऊनही जिंकत होतो.
सत्ताविसाव्यालाही. तोवर अकरा सेकंद.

वडील मागावर होते. तुटला धागा
बोटांनीच हुडकायचे, नजर दुसरीकडं.
मी नवव्या चालीवर बावीस मिनिटं घातली,
जी मला पाठ होती.

"तुला दिसलं होतं?"
"हो. म्हणून तर पाणी प्यायला उठले.
तोंडावरनं कळलं असतं तुम्हाला."

पलीकडं कारखान्याची पाळी सुटली, सायकली निघाल्या.
तिनं मोहरे पिशवीत भरले.
पांढरा घोडा तेवढा
डी-फाइव्हवर राहिला.

मीच उचलून दिला.
सेट तिचा होता.